रीसेल फ्लॅट: सांगितलेल्या किमतीच्या किती खाली बोलावं?

साडेतीन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोथरूडमध्ये एक टू बीएचके पाहिला आहे. इमारत २००२ सालची, तिसरा मजला, लिफ्ट आहे, कार्पेट ६८० चौरस फूट, खाली एक झाकलेलं पार्किंग. अपेक्षा १ कोटी १८ लाख. मूळ मालकीणबाई गेल्यावर घर तिन्ही मुलांच्या नावावर आलं. थोरला मुलगा पुण्यातच, मुलगी नाशिकला, धाकटा कॅनडात. वर्षभर घर बंद आहे.

घर आम्हा दोघांनाही पसंत आहे. हे एजंटला कळू दिलेलं नाही, निदान माझी तशी समजूत आहे. बायको बाल्कनीत उभी राहून "इथे ऊन छान येतं गं बाई" असं स्वतःशीच म्हणाली तेव्हा तो शेजारीच होता.

एजंटचं पालुपद एकच, "बसल्यावर थोडंफार होईल." थोडंफार म्हणजे किती? सासऱ्यांचं म्हणणं, निम्म्यापासून सुरुवात करा, लाजायचं काय त्यात. ऑफिसातला मित्र म्हणतो, पुण्यात पाच टक्क्यांच्या वर कुणी सोडत नाही. या दोन टोकांच्या मध्ये मी लटकलोय. पहिला आकडा किती बोलावा, आणि कशाच्या आधारावर?

मृण्मयी_प

वाचते आहे. आमचाही शोध चालू आहे, वारज्यात.

कर्वेरोडकर

एवढा काथ्याकूट कशाला? रीसेलवाला सात-आठ टक्के चढवूनच सांगतो. तुम्ही बारा टक्के खाली बोला, आठवर या, पेढे वाटा.

टेकडीवाला

कर्वेरोडकर, सगळेच असं करतात म्हणून तर काही जण पंधरा टक्के चढवून सांगतात आणि काही जण अजिबात चढवत नाहीत. समोरचा कोणत्या जातकुळीतला हे टक्क्यावरून कसं कळणार? साडेतीन, सांगितलेल्या किमतीवरून खाली मोजायला जाऊच नका. तो आकडा त्यांनी शेजारच्या नव्या टॉवरचा भाव ऐकून ठरवला असेल, किंवा जाहिराती बघून. जाहिरातीत दिसतात ते मागितलेले पैसे. दिलेले पैसे इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सारांशावर दिसतात.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, मोफतची सोय वापरा. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकायचा. गाव कोथरूड. मिळकत क्रमांक म्हणजे इमारतीचा सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर, तो मालकांच्या जुन्या करारनाम्यात असतो. साइट दुपारी रुसते, सकाळी लवकर बसा. यादीत भाडेकरार आणि गहाणखतांचा रतीब असेल, तो सोडून करारनामा आणि खरेदीखत तेवढे उघडा. मोबदला किती, बाजारभाव किती, क्षेत्रफळ, मजला, दस्ताची तारीख, सगळं मराठीत लिहिलेलं असतं. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणा. आणि ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंतींसकट) हे दोनदा वाचा, सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो.

त्याच इमारतीतले गेल्या दोन-तीन वर्षांतले दोन व्यवहार जरी मिळाले तरी तुमचा आकडा तुमच्या हातात आला. मग मालक १ कोटी १८ म्हणोत की दीड कोटी.

निवांत_नाना

टेकडीवाले, पद्धत चांगली आहे, पण इंडेक्स टूवर सगळी भिस्त ठेवू नये. वरचे किती गेले ते त्यात लिहीत नाहीत. आमच्या पेठेतले व्यवहार त्यावर बघाल तर वाटेल वाडे फुकट वाटले.

टेकडीवाला

नाना, मान्य. त्याची एक खूण आहे. मोबदला आणि सरकारी बाजारभाव अगदी चिकटून असले तर संशय घ्यायचा. मोबदला बराच वर असला तर तो आकडा बहुधा खरा. गिऱ्हाईक नोकरदार आणि कर्ज काढणारं असेल तर त्याला करारात पूर्ण रक्कमच हवी असते, नाहीतर बँक कर्ज कमी देते.

साडेतीन

सकाळी सहाला उठून बसलो आणि मिळाले! आमच्याच इमारतीत दोन. पहिला मजला, तेवढंच क्षेत्रफळ, मागच्या वर्षी ९९ लाख. पाचवा म्हणजे वरचा मजला, त्याच्या आदल्या वर्षी ९४. बाजारभावाच्या रकान्यात दोन्हीकडे ऐंशीच्या आसपास. म्हणजे नाना, पांढरे दिसतायत.

एक शंका. रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे त्या सरकारी बाजारभावापेक्षा खाली जाऊन व्यवहार करता येतो का?

हिशेबनीस

करता येतो, पण उपयोग नाही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त तिच्यावर लागतं. शिवाय करारातली किंमत सरकारी किमतीच्या फार खाली गेली, म्हणजे फरक दहा टक्क्यांची सवलत ओलांडून गेला, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. विकणाऱ्याचा भांडवली नफाही सरकारी किमतीवर मोजतात. तुम्ही त्या पातळीच्या बरेच वर आहात, सोडून द्या.

तुम्हाला जास्त महत्त्वाचं म्हणजे खिशातून एकूण किती जाणार. समजा १ कोटी ८ लाखांना ठरलं. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के (५ मूळ, १ स्थानिक संस्थेचा, १ मेट्रोचा), म्हणजे ७ लाख ५६ हजार. नोंदणी ३० हजार. एजंट दोन टक्के मागणार, २ लाख १६ हजार, त्यावर जीएसटी असेल तर वेगळा. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ८१ लाख. उरलेले २७ तुमचे. सगळं मिळून ३७ लाख रोकडे हवेत, आणि अजून भिंतीला रंग लागलेला नाही. बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत कमी लावली तर कर्ज त्या कमी आकड्यावर, तो खड्डाही तुमच्याच पैशाने भरायचा.

म्हणून आधी स्वतःची कमाल ठरवा. पहिला आकडा त्यानंतर.

गोडाम्बा

घर फक्त बायकोच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. लाखभर रुपये तिथेच वाचले, घासाघीस न करता.

हिशेबनीस

बरोबर, पण घेणाऱ्यांत एकही पुरुष नको, जोडनाव चालत नाही. आणि जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट नवऱ्याला घ्यायची असेल तर तो मालकांत लागतो. दोघांचे पगार बघून ठरवा.

कर्वेरोडकर

मालक म्हणाले दहा-पंधरा रोख द्या, किंमत कमी करतो, तर?

हिशेबनीस

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढाच दंड बसू शकतो. तुम्हाला कर्ज कमी मिळतं, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा ते पंधरा लाख तुमच्या खरेदी किमतीत कुठेच नसतात, त्यांच्यावर नफा म्हणून कर तुम्हीच भरता. त्यातून विकणारे तिघे, एक परदेशात. ही रोख कॅनडाला कशी जाणार म्हणे?

रेवाकाठ

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहिते. आम्ही भावंडांनी ठाण्यातलं आईबाबांचं घर विकलं. पहिल्याच फोनला पंचवीस-तीस टक्के खाली बोलणारे बरेच आले. राग येतो हो. तो आकडा आपल्या घराबद्दल नसतोच, "बघू सुटतं का" एवढाच त्याचा अर्थ. त्यांचे फोन आम्ही नंतर उचलले नाहीत. साडेतीन, सासरेबुवांना हे वाचून दाखवा.

पण एक गृहस्थ आले, त्यांनीही कमीच सांगितले, फक्त कागदावर लिहून आणले होते. शेजारच्या विंगमधला व्यवहार अमुक रकमेला, आमच्या बाथरूमची गळती, वायरिंग जुनं, म्हणून आमचा आकडा हा. दादाने तो कागद फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. तुमच्या बाबतीत हेच होणार आहे. तुम्ही बोलाल थोरल्याशी, पण तो आकडा नाशिकला आणि कॅनडाला पटवायचं काम त्याला करायचंय. नुसता आकडा दिलात तर बहीण म्हणणार, "दादा, तू फार लवकर हो म्हणतोस." त्याच्या हातात दाखवण्यासारखं काहीतरी द्या.

आणखी एक. तिघांत कुणाला घाई आहे आणि कुणाला नाही ते काढा. आमच्यात किंमत कधीच अडली नव्हती, अडलं होतं ते भलत्याच गोष्टीवर.

निवांत_नाना

लाखमोलाचा प्रतिसाद, रेवाकाठ. (वाचनखूण साठवली.)

एडिंबराकर

अवांतर, पण गंमत म्हणून. आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये जाहिरातीवरच "ऑफर्स ओव्हर" लिहितात, म्हणजे याच्या वर बोला. विकणाऱ्याने आधीच सर्व्हेयरकडून होम रिपोर्ट करून घेतलेला असतो, त्यात घराची अवस्था आणि किंमत दोन्ही. मागणी असली की एक दिवस ठरवतात आणि सगळे बंद पाकिटातून आपापला आकडा पाठवतात. दुसऱ्याने किती लिहिलं ते कुणालाच माहीत नाही. बँक कर्ज देते होम रिपोर्टच्या किमतीवर, त्याच्या वरचे स्वतःच्या खिशातून. इथे नव्याने आलेला प्रत्येक मराठी माणूस आधी खाली बोलायला जातो आणि वकील त्याच्याकडे नुसता बघत बसतो.

पण टेकडीवाले म्हणतात ते इथेही तसंच. त्या रस्त्यावर खरोखर कितीला विकली गेली हे नोंदींवरून काढायचं आणि आपला आकडा लिहायचा.

टेकडीवाला

होम रिपोर्ट आपल्याकडे आपणच करायचा. साडेतीन, एखादा प्लंबर बरोबर घेऊन पुन्हा जाऊन या. २००२ ची इमारत म्हणजे जीआय, म्हणजे गंजणारे लोखंडी पाइप असू शकतात. आणि खालच्या मजल्यावरची बेल वाजवा.

साडेतीन

जाऊन आलो. खालच्या काकूंनी दार उघडताच विचारलं, "वरचं घर घेताय का?" आणि थेट बाथरूममध्येच नेलं. छतावर पिवळट नकाशा, मध्यभागी रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि खाली त्यांनी कायमची बादली ठेवलेली. वरचं घर वर्षभर बंद आहे तरी ओल आहे, म्हणजे पाइप भिंतीतच गळतोय असं प्लंबर म्हणाला. दोन्ही बाथरूम फोडावी लागतील, आतले पाइप बदलायचे. वायरिंगमध्ये अर्थिंग फक्त किचनला. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघांकडून लिहून घेतलं, एकूण सहा लाखांच्या घरात जातंय.

एजंटला हे सांगितलं तर तो म्हणतो, "सर, गळती कोणत्या घरात नाही? आणि ही सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, तुम्हाला मोठा फ्लॅट मिळेल, मग कशाला पाइप बदलता?" आता यावर काय बोलणार?

निवांत_नाना

त्याला म्हणावं, मग तूच घे.

टेकडीवाला

रिडेव्हलपमेंटच्या नुसत्या बातमीचा एक रुपयाही देऊ नका. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा. प्रकल्प सल्लागार नेमल्याचा ठराव झालाय का? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. तिथपर्यंत गाडी आली असेल तर गोष्ट वेगळी. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे का, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, हेही विचारा. ते झालेलं नसेल तर पुनर्विकास अजून बराच लांब.

साडेतीन

चिटणीसांना भेटलो. सल्लागार वगैरे काही नाही. चहा पिताना विषय निघाला होता, इतकंच. अभिहस्तांतरण झालेलं नाही. हस्तांतर शुल्काचं विचारलं तर म्हणाले, २५ हजार आणि "इमारत निधीला तुमच्या इच्छेने एक लाख".

हिशेबनीस

इच्छेने असेल तर इच्छा नाही म्हणून सांगा. महापालिका हद्दीत हस्तांतराचं अधिमूल्य २५ हजारांच्या वर घेता येत नाही, हे २००१ च्या परिपत्रकापासून आहे. पण आत्ता वाद घालू नका, बोलणी मालकांशी चालली आहेत.

कॅनडावाल्या भावाचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तुमच्या फायद्याचाही. इथल्या दोघांच्या वाट्यावर तुम्ही १ टक्का टीडीएस कापायचा. ५० लाखांची मर्यादा आता सगळ्यांची किंमत मिळून धरतात, त्यामुळे "माझा वाटा ३६ लाखच आहे" म्हणून कुणी सुटत नाही. अनिवासी भावाचं वेगळं. त्याच्याकडे आयकर खात्याचा कमी कपातीचा दाखला नसेल तर सुरक्षित राहण्यासाठी पूर्ण वाट्यावर कापावं लागतं. १ कोटी ८ चा तिसरा हिस्सा ३६ लाख, त्यावर साडेबारा टक्के आणि उपकर धरून १३ टक्के, म्हणजे ४ लाख ६८ हजार. दाखला काढायला वेळ लागतो. त्याचं मुखत्यारपत्र तिकडे करून इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. शिवाय तुमची बँक वारसांचे कागद मागणार. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागणं म्हणजे मालकी नव्हे.

घाईतलं गिऱ्हाईक हे ऐकून पळतं. तुम्ही थांबायला तयार असाल तर ते आकड्यासकट सांगा. थांबण्याला किंमत आहे.

साडेतीन

मग माझा हिशेब असा. पहिल्या मजल्याचे ९९, वर्षाची वाढ आणि मजला धरून १ कोटी ५ ते ६. त्यातून सहा लाखांची दुरुस्ती पूर्ण वजा केली तर ९९-१००. सगळी दुरुस्ती ते सोसणार नाहीत हे कळतं. कमाल १ कोटी ८. पहिली ऑफर १ कोटी १ लाख.

गोडाम्बा

१ कोटी १ लाख? ऑफर आहे की आहेर?

रेवाकाठ

चालेल. आहेर असला तरी कागदावर लिहून द्या, आणि एजंटला वगळून नाही पण तिघांसमोर. व्हिडिओ कॉल लावायला सांगा.

कर्वेरोडकर

माझे बारा टक्के म्हणजे १ कोटी ४ लाख होतात. तुम्ही एवढा उपद्व्याप करून तीन लाख खाली गेलात.

टेकडीवाला

तीन लाखांचा फ्रिज, वॉशिंग मशीन आणि सोफा येतो, कर्वेरोडकर. आणि थोरल्याने "१ कोटी १ का?" विचारलं तर बारा टक्क्यांवर काय उत्तर देणार होतात?

मृण्मयी_प

पितृपक्षात बोलणी करावीत म्हणतात, गिऱ्हाईक नसतं म्हणून. खरं आहे का?

निवांत_नाना

गिऱ्हाईक नसतं आणि मालकही विसार घेत नाही. बोलायला हरकत नाही, घटस्थापनेला पावती करा.

साडेतीन

उशिराने लिहितोय, मध्ये बरंच घडलं. व्हिडिओ कॉल झाला. कागद आधीच पाठवला होता, दोन्ही इंडेक्स टू, प्लंबरचा अंदाज आणि काकूंच्या छताचा फोटो. धाकटा भाऊ एका वाक्यात म्हणाला, टॅक्सचं तुम्ही आधी बोललात हे बरं झालं, याआधीचं गिऱ्हाईक विसाराची तारीख ठरल्यावर त्यावरूनच फिसकटलं होतं. थोरला १ कोटी १२ वर आला. मी १ कोटी ४ वर गेलो. तिथे बराच वेळ कुणी हललं नाही.

ताई सगळा वेळ गप्प होत्या. रेवाकाठ यांचं "भलत्याच गोष्टीवर" डोक्यात होतं म्हणून त्यांना विचारलं, तुम्हाला ताबा कधी द्यायला जमेल? तर म्हणाल्या, आईच्या साड्या, भांडी, दिवाणखान्यातला पितळी कड्यांचा झोपाळा, काहीच हललेलं नाही, मला दिवाळीच्या आधी यायला जमणार नाही, आणि हे दोघं मला महिनाभरात रिकामं कर म्हणतायत. आमचा भाडेकरार फेब्रुवारीपर्यंत आहे. दिवाळीनंतर ताबा द्या म्हटलं, तोवर दाखल्याचं कामही होईल. त्यानंतर ताईच थोरल्याला म्हणाल्या, "दादा, आता ओढू नकोस."

१ कोटी ६ लाख ५० हजारांना ठरलं. सगळं चेकने. सोसायटीची थकबाकी आणि टँकरची जादा वर्गणी ते भरणार. एजंट दीड टक्क्यावर आला.

हिशेबनीस

अभिनंदन. विसार पावतीवर तिघांच्याही सह्या घ्या, धाकट्याची मुखत्यारपत्रावर. तोवर मोठी रक्कम देऊ नका. कर्ज किंवा कागदांमुळे व्यवहार मोडला तर विसार परत, हे वाक्य पाहिजेच. आणि घर नावावर झालं की महापालिकेत पीटी-३ अर्ज भरून द्या, नाहीतर स्वतः राहत असूनही मिळकतकरातली ४० टक्के सवलत जाते.

साडेतीन

विसाराचं वाक्य वकिलांनी टाकलंय, पाच लाख एस्क्रोसारखे त्यांच्याकडेच राहणार. पीटी-३ माहीत नव्हतं, धन्यवाद.

मृण्मयी_प

टेकडीवाले, मी वारज्याचा सर्व्हे नंबर ई-सर्चमध्ये टाकला तर एकही दस्त येत नाही. करारनाम्यात ३५ हिस्सा नंबर २ असं लिहिलंय.

टेकडीवाला

नुसता ३५ टाकून बघा, मग ३५/२, मग मधल्या रेघेने ३५-२. ज्याने जसा टाइप केला तसाच तो सापडतो. तेही नाही झालं तर शेजारच्या बिल्डिंगचा नंबर घ्या, एकाच लेआउटमध्ये बऱ्याचदा तोच असतो.